घटक ४ : परिभाषा आणि निर्णय
इंग्लंडमधील अल्पवयीनांसाठीच्या लिंगभावविषयक आरोग्यसेवेचा भाषिक अभ्यास

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकात आपण परिभाषा कशी घडते आणि रूढ कशी होते, हे पाहिले. परिभाषेचा विचार करताना आपण बहुधा शब्दकोश, शासकीय पत्रे किंवा पाठ्यपुस्तके डोळ्यांसमोर ठेवतो. परंतु परिभाषेतील एखादा शब्द माणसाच्या शरीरापर्यंत जाऊन पोहोचतो, त्याला औषध मिळेल की नाही हे ठरवण्यात त्याचा वाटा असतो, अशीही उदाहरणे आहेत. या घटकात अशा एकाच उदाहरणाचा सविस्तर विचार करावयाचा आहे.

त्याला निमित्त झाले ते एका संपर्कसत्रातील प्रश्नाचे. ग्रामीण रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, इंग्लंडमध्ये मुलांची वयात येण्याची औषधे बंद केली, असे पेपरात वाचले. म्हणजे नेमके काय बंद केले?” तिच्या वाक्यात एक छोटी चूक होती. ती औषधे वयात येण्याची नव्हेत, वयात येणे रोखण्याची होती. मात्र ‘नेमके काय बंद केले’ हा तिचा प्रश्न अगदी बिनचूक होता आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येईना. पुढील विवेचन हे त्याच उत्तराचे विस्तारित रूप आहे.

४.२ नावांचा प्रवास

जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारा लिंगभाव यांचा मेळ न बसणे, या अवस्थेला वैद्यकाने वेळोवेळी निरनिराळी नावे दिली. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानसूचीत ती दीर्घकाळ ‘विकार’ म्हणून नोंदलेली होती. २०१३ च्या आवृत्तीत ‘विकार’ हा शब्द गेला आणि ‘जेंडर डिस्फोरिया’ हे नाव आले. मराठीत त्याला ‘लिंगभाव-अस्वस्थता’ म्हणता येईल. या बदलाचा अर्थ असा की, व्यक्तीची ओळख हा आजार नव्हे. त्या विसंगतीमुळे होणारा त्रास हा उपचाराचा विषय होय. जागतिक आरोग्य संघटनेने त्याही पुढे पाऊल टाकले. तिच्या अकराव्या वर्गीकरणाला २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ते अमलात आले. त्यात ‘लिंगभाव-विसंगती’ असे नाव योजले असून ही नोंद मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. विकार, अस्वस्थता, विसंगती अशा या तीन पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर दोष कोठे आहे, किंवा दोष आहे तरी का, याचे उत्तर बदललेले दिसते.

मराठीत ही अडचण दुहेरी होते. ‘लिंग’ हा आपला एकच शब्द व्याकरणातील लिंग, शरीराचे लिंग आणि एक अवयव अशा तिन्ही अर्थांनी वापरला जातो. स्त्री-अभ्यासाच्या क्षेत्रात ‘लिंगभाव’ हा शब्द रुळला, ही मोठीच सोय झाली. तरीही वृत्तपत्रांत सरसकट ‘लिंगबदल’ हा शब्द येतो, आणि तो वाचताच वाचकाच्या मनात शस्त्रक्रियागृह उभे राहते. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, अठरा वर्षांखालील व्यक्तींवर अशी शस्त्रक्रिया केली जात नाही. तेथील वाद शस्त्रक्रियेविषयी नव्हताच. एका सैल शब्दाने वादाचा विषयच कसा बदलून जातो, हे येथे ध्यानात घ्यावे.

जाता जाता आणखी एक निरीक्षण. इंग्रजी बोलणाऱ्याला स्वतःविषयी बोलताना लिंग सांगावे लागत नाही. प्रश्न येतो तो दुसऱ्याने वापरायच्या सर्वनामाचा. मराठीत मात्र ‘मी गेलो’ की ‘मी गेले’, याची निवड बोलणाऱ्याला वाक्यागणिक करावी लागते. कोल्हापूरकडच्या मुली सहजपणे ‘मी आलो’ म्हणतात आणि त्यात ओळखीचा कोणताही प्रश्न नसतो. त्यामुळे क्रियापदाच्या रूपावरून कोणी कोणाविषयी अनुमान काढू नये. पण ज्या मुलामुलीला हा प्रश्न खरोखरच पडलेला आहे, त्याची किंवा तिची दिवसातून शंभर वेळा परीक्षा होते, हेही तितकेच खरे.

४.३ ‘विराम’ या रूपकाची कथा

यौवनारंभ रोखणारी औषधे, म्हणजेच प्युबर्टी ब्लॉकर, या वादासाठी निर्माण झालेली नाहीत. मेंदूतून जननग्रंथींना जाणारा संप्रेरकांचा संदेश ती थोपवतात. फार लहान वयात, म्हणजे सहाव्या-सातव्या वर्षीच वयात येऊ लागलेल्या मुलांना ती कित्येक दशके दिली जात आहेत. प्रोस्टेटच्या कर्करोगातही त्यांचा उपयोग होतो. लिंगभाव-अस्वस्थता असलेल्या किशोरांसाठी त्यांचा वापर नेदरलँड्समधील तज्ज्ञांनी १९९० च्या दशकात सुरू केला. पुढे ‘डच पद्धत’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या रीतीत साधारण बाराव्या वर्षापासून ब्लॉकर आणि सोळाव्या वर्षापासून संप्रेरके दिली जात. मात्र निवडीच्या अटी कडक होत्या. अस्वस्थता बालपणापासूनची असावी, ती यौवनारंभी वाढलेली असावी, इतर गंभीर मानसिक अडचणी नसाव्यात आणि कुटुंबाचा आधार असावा, असा त्यांचा आग्रह असे.

इंग्लंडमध्ये या मुलांसाठीची सेवा १९८९ मध्ये सुरू झाली आणि पुढे ती लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेत चालू लागली. तेथे २०११ मध्ये अभ्यास म्हणून लहान वयात ब्लॉकर देण्यास प्रारंभ झाला. या औषधांचे समर्थन करताना ‘विराम’ हे रूपक वारंवार वापरले गेले. औषध म्हणजे विरामाचे बटण. मुलाला विचार करण्यास सवड मिळते, औषध थांबवले की यौवन पुन्हा सुरू होते. रूपक सुबोध होते. आईवडिलांना धीर देणारेही होते.

या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. बारा ते पंधरा वर्षे वयाच्या ४४ मुलांपैकी ४३ जणांनी पुढे संप्रेरके घेण्याचा मार्ग निवडला होता. मापन केलेल्या मानसिक स्थितीत सुधारणा आढळली नाही, बिघाडही आढळला नाही. हाडांची घनता त्या वयात जितकी वाढावयास हवी तितकी वाढली नव्हती.

आता या ४३ आकड्याचे काय करावे? एक वाचन असे की, निवड अचूक होती. ज्यांना खरोखर गरज होती त्यांनाच औषध मिळाले, म्हणून जवळजवळ सर्वजण पुढे गेले. दुसरे वाचन असे की, औषधानेच वाट पक्की केली; यौवनाचा अनुभव घेता घेता ज्यांची अस्वस्थता कदाचित निवळली असती, त्यांना तो अनुभव मिळालाच नाही. हा आकडा दोन्ही वाचनांना सारखाच सामावून घेतो. आकडा काही बोलला नाही; डळमळीत झाले ते रूपक. एस.टी. थांब्यावर थांबते तेव्हा कोणी प्रवास रद्द झाला असे म्हणत नाही. थांबा हा प्रवासाचाच भाग असतो. ‘विराम’ या शब्दाने मात्र असा समज करून दिला होता की, येथून पुढे जाणे आणि माघारी फिरणे सारखेच संभवते.

४.४ न्यायालय आणि ‘समजणे’ हे क्रियापद

१ डिसेंबर २०२० रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयाचा गाभा हाच होता. टॅव्हिस्टॉकमध्ये किशोरवयात उपचार घेतलेल्या आणि नंतर त्याविषयी खंत वाटू लागलेल्या कीरा बेल या तरुणीने ही दाद मागितली होती. इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालील मुलाची संमती १९८५ च्या गिलिक निर्णयाच्या आधारे तपासली जाते. उपचार म्हणजे काय हे समजण्याइतकी परिपक्वता मुलाकडे असेल, तर त्याची संमती ग्राह्य ठरते. मग मुलाने नेमके काय समजून घ्यावे? केवळ ब्लॉकरचे परिणाम की पुढील संप्रेरकांचे, प्रजननक्षमतेवरील परिणामांचेही? बहुतेक मुले पुढे जातात, म्हणून दोन्ही टप्पे एकाच वाटेचे आहेत आणि मुलाला पुढचेही समजले पाहिजे, असे न्यायालयाने मानले. तेरा किंवा त्याहून कमी वयाचे मूल हे समजू शकेल, हे अत्यंत असंभवनीय आहे. चौदा-पंधराव्या वर्षीही ते संशयास्पद आहे, असा निष्कर्ष त्यावरून निघाला. नव्या मुलांना औषध मिळणे जवळजवळ थांबले.

१७ सप्टेंबर २०२१ रोजी अपील न्यायालयाने हा निर्णय फिरवला. मुलाला समजते की नाही, हे त्या मुलासमोर बसलेल्या डॉक्टरने ठरवावयाचे आहे. न्यायालयाने वयोगटांविषयी सर्वसाधारण विधाने करू नयेत, अशी त्याची भूमिका होती. ‘समजणे’ या क्रियापदाचे कर्म कोणते, आणि ते समजले असे म्हणणारा कर्ता कोण, या दोनच प्रश्नांभोवती दोन्ही निकाल फिरतात. वाक्यविचार शिकताना हे उदाहरण माझ्या हाती असते तर, असे आजही मला वाटते.

४.५ ‘पुरावा नाही’ : नकाराचे स्थान

दरम्यान एनएचएसने २०२० मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. हिलरी कॅस यांच्याकडे या सेवेचे परीक्षण सोपवले होते. त्यांचा अंतरिम अहवाल २०२२ च्या मार्चमध्ये आणि अंतिम अहवाल १० एप्रिल २०२४ रोजी आला. त्यासाठी यॉर्क विद्यापीठाने उपलब्ध संशोधनाची पद्धतशीर छाननी केली. ब्लॉकर आणि संप्रेरके यांविषयीचे १०३ अभ्यास तपासले गेले. त्यांपैकी दोन उच्च दर्जाचे व ५८ मध्यम दर्जाचे ठरले आणि या साठही अभ्यासांचा विचार निष्कर्षात झाला. या औषधांच्या फायद्यातोट्यांविषयीचा पुरावा कमकुवत आहे, ही कॅस यांची भूमिका होती.

भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबून वाचावे. पुढील दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा :

फायदा होतो याचा पुरावा नाही.
फायदा होत नाही याचा पुरावा आहे.

दोन्ही वाक्यांत एकच ‘नाही’ आहे. फक्त त्याची जागा बदलली आहे. पहिले वाक्य आपल्या अज्ञानाविषयी बोलते, दुसरे औषधाविषयी. अहवाल पहिल्या वाक्याच्या जवळ उभा होता. सार्वजनिक चर्चेत मात्र तो झपाट्याने दुसऱ्या वाक्यात रूपांतरित झाला. उलट बाजूनेही असेच घडले. अठ्ठ्याण्णव टक्के अभ्यास फेकून दिले, असा आरोप समाजमाध्यमांवर पसरला. तो वरील आकड्यांशी जुळत नाही. याचा अर्थ अहवालावर गंभीर आक्षेप नव्हते असा मुळीच नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी त्याच्या पद्धतीवर सविस्तर टीका केली. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या संघटनेने, म्हणजे बीएमएने, जुलै २०२४ मध्ये शिफारशींची अंमलबजावणी थांबवावी असे म्हटले आणि सप्टेंबरमध्ये स्वतःचे मूल्यमापन होईपर्यंत तटस्थ राहण्याचे ठरवले. बालरोगशास्त्रातील कितीतरी नित्याच्या औषधांमागेही उच्च दर्जाचा पुरावा नसतो, मग हीच कसोटी येथेच का, असा टीकाकारांचा प्रश्न आहे. त्यावर समर्थकांचे म्हणणे असे की, परिणाम आयुष्यभराचा असेल तर कसोटी कडक हवी. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

४.६ ‘बंदी’ म्हणजे नेमके काय

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. मार्च २०२४ मध्ये एनएचएसने जाहीर केले की, लिंगभाव-अस्वस्थतेसाठी ब्लॉकर यापुढे नेहमीच्या उपचारांचा भाग म्हणून दिले जाणार नाहीत. संशोधनाच्या चौकटीतच त्यांचा विचार होईल. मेअखेरीस सरकारने तातडीचा आदेश काढून खाजगी व परदेशी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती मिळण्याची वाटही बंद केली. जुलैमध्ये सत्तांतर झाले, पण धोरण टिकले. ११ डिसेंबर २०२४ रोजी नव्या सरकारचे आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी ही बंदी अनिश्चित काळासाठी केली आणि २०२७ मध्ये तिचा फेरविचार होईल असे सांगितले.

बंदीच्या बाहेर काय राहिले, हेही पाहिले पाहिजे. अकाली वयात येणाऱ्या मुलांना तेच औषध पूर्वीप्रमाणे मिळते. ज्यांचे उपचार आधीच सुरू होते, त्यांना ते चालू ठेवता आले. सोळा वर्षांनंतरची संप्रेरकेही या बंदीत आली नाहीत. त्यांच्याबाबत कॅस यांनी अत्यंत सावधगिरी सुचवली. म्हणजे रेणू तोच, कुपी तीच. मनाई झाली ती एका विशिष्ट प्रयोजनाला. ‘औषधावर बंदी’ या शब्दांत हे प्रयोजन दिसत नाही.

मला सर्वांत बोलका वाटतो तो आणखी एक तपशील. मार्च २०२४ मध्ये एनएचएसमार्फत ब्लॉकर घेणारी मुले शंभरांहून कमी होती, आणि पहिल्या भेटीची वाट पाहणारी मुले पाच हजारांहून अधिक. २०११-१२ मध्ये टॅव्हिस्टॉककडे वर्षाला सुमारे अडीचशे मुले पाठवली जात. २०२१-२२ मध्ये हा आकडा पाच हजारांच्या पुढे गेला. पूर्वी त्यांत जन्मतः मुलगे म्हणून नोंदलेले अधिक असत, पुढे जन्मतः मुली म्हणून नोंदलेल्यांची संख्या बरीच वाढली. जानेवारी २०२१ मध्येच आरोग्यसेवांच्या तपासणी यंत्रणेने या केंद्राला ‘अपुरे’ असा शेरा दिला होता. तेव्हाही काहीजण दोन वर्षांहून अधिक काळ रांगेत होते. मार्च २०२४ अखेर ते केंद्र बंद झाले. एप्रिलमध्ये लंडन आणि वायव्य इंग्लंड येथे, व नंतर ब्रिस्टल येथे, बालरुग्णालयांशी जोडलेल्या नव्या सेवा सुरू झाल्या. मुलाच्या इतर अडचणी, म्हणजे स्वमग्नता, नैराश्य, घरातील ताण, यांकडेही एकत्रितपणे पाहावे, हा त्यांमागील विचार योग्यच आहे. पण त्याच वर्षी नियमही बदलला. पूर्वी कुटुंबाच्या डॉक्टरची चिठ्ठी पुरत असे; आता आधी बालरोगतज्ज्ञ किंवा मानसिक आरोग्यसेवा यांच्याकडून जावे लागते. दारे वाढली आणि दाराआधीचा उंबरठाही वाढला.

वादी-प्रतिवादी औषधाविषयी बोलत राहिले आणि बहुसंख्य मुलांचा प्रश्न त्याआधीचा होता. त्यांना कोणी भेटतच नव्हते. ‘वाट पाहणे’ हा शब्द येथे फसवा आहे. काही न करणे म्हणजे तटस्थ राहणे, असे आपण समजतो. पण तेरा वर्षांचे शरीर वाट पाहत नाही. आवाज फुटतो, छाती वाढते, आणि यांतील काही बदल पुढे औषधाने उलटवता येत नाहीत. ज्यांना औषधाची गरज नव्हती अशांनाही कोणीतरी वेळेवर बोलण्याची गरज होतीच. त्यांनीही ती वर्षे एकट्याने काढली. पुराव्याविषयी कॅस यांनी दाखवलेली सावधगिरी मला पटते. ज्या व्यवस्थेने मुलांना वर्षानुवर्षे रांगेत ठेवले, तिचा दोष मात्र अधिक गंभीर वाटतो.

४.७ अन्यत्र

इंग्लंड या वाटेवर एकटे नव्हते. फिनलंडने २०२० मध्ये आणि स्वीडनने २०२२ मध्ये अल्पवयीनांसाठीच्या औषधोपचारांबाबत सावध धोरण स्वीकारले. अमेरिकेत निर्णय डॉक्टरांच्या हातून कायदेमंडळांकडे गेला; टेनेसी राज्याने अल्पवयीनांच्या अशा उपचारांवर घातलेली बंदी तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८ जून २०२५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवली. जर्मन भाषिक देशांतील तज्ज्ञांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत मात्र प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र विचार करून उपचारांना वाव ठेवला आहे. एकाच पुराव्यातून इतके वेगळे निष्कर्ष निघतात, याचे कारण केवळ पुराव्यात शोधून सापडणार नाही.

आपल्याकडील २०१९ च्या पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्याने संप्रेरकोपचार, शस्त्रक्रिया आणि समुपदेशन यांची सोय करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. अल्पवयीनाच्या ओळखपत्रासाठीचा अर्ज आईवडिलांनी किंवा पालकाने करावा, अशी तरतूद त्यात होती. परिभाषेच्या दृष्टीने अधिक लक्षणीय घटना तामिळनाडूतील आहे. मद्रास उच्च न्यायालयात चाललेल्या एका प्रकरणाच्या ओघात तेथील शासनाने २०२२ मध्ये या विषयावरील तमिळ शब्दांची सूची प्रसिद्ध केली. सन्मानाने कोणाला काय म्हणावे, हे ठरवण्याचे काम न्यायालयाच्या दारातून भाषेकडे आले, असे क्वचितच घडते.

स्वाध्याय

१. या विषयावरील कोणतीही एक मराठी बातमी घ्या. तिच्यातील ‘बंदी’, ‘लिंगबदल’, ‘उपचार’ आणि ‘मुले’ या शब्दांखाली रेघ ओढा. प्रत्येक ठिकाणी कोणाला, कोणत्या वयात, कोणत्या प्रयोजनासाठी, ही माहिती बातमीत आहे का ते तपासा आणि नसल्यास ती घालून वाक्य पुन्हा लिहा.

२. ‘पुरावा नाही’ हे शब्द असलेली पाच वाक्ये आरोग्यविषयक लेखनातून गोळा करा. प्रत्येक वाक्यातील नकार अज्ञानाविषयी आहे की वस्तुस्थितीविषयी, हे सकारण सांगा. लेखकाला कोणता अर्थ अभिप्रेत होता हे ठरवता येत नसेल, तर तसे लिहा. त्या उत्तरालाही पूर्ण गुण आहेत.